दुपारी थकणारा वेल

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून संपादक दोन वर्षं माझ्या मागे होते. तुम्ही आयुष्यभर शास्त्रज्ञांबरोबर काम केलंत, त्याबद्दल लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की शास्त्रज्ञांपेक्षा माझा सहवास त्यांच्या बिघडलेल्या यंत्रांशी जास्त. ते म्हणाले, मग यंत्रांबद्दल लिहा. म्हणून हे लिहिते आहे. माझं मराठी घरातलं आहे. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या आहे की गावाचं नाव विचारलं तर आम्ही हेच सांगतो. शाळा कन्नडमध्ये झाली, नोकरी इंग्रजीत. त्यामुळे मध्येच एखादा कन्नड ‘स्वल्प’ (थोडं) किंवा ‘सरी’ (बरं) निसटला तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

मी एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स रूम सांभाळायची. रूम म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत सोल्डरिंगची टेबलं, दुसरीत रेझिस्टर, कपॅसिटर आणि चिप्सचे शेकडो छोटे खण. संस्थेत झाडांवर, मुंग्यांवर, प्रथिनांवर काम करणारे हुशार लोक होते. त्यांना काहीतरी मोजायचं असायचं आणि ते मोजणारं यंत्र बाजारात मिळत नसायचं. मग ते खाली यायचे, कागदावर काहीतरी खरडायचे आणि विचारायचे, सरोजा बाई, असं काही बनेल का? बहुतेक वेळा बनायचं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एका सरांना मधमाश्यांच्या पोळ्यातलं तापमान दिवसभर नोंदवायचं होतं. मी बारीक सेन्सर करून दिला. चार दिवसांनी ते खूश होऊन आले, पोळ्यातलं तापमान जराही हलत नाही म्हणाले. पाचव्या दिवशी उघडून बघितलं तर माश्यांनी सेन्सर बुजवून वर मेणाचा जाड थर चढवला होता. माश्यांना तो आवडला नसावा. दुसऱ्या एका रसायनशास्त्राच्या मॅडमच्या ग्राफवर सतत बारीक लाटा यायच्या. त्यांनी तीन रसायनं बदलून पाहिली. शेवटी कळलं की त्यांचं यंत्र एका भिंतीच्या प्लगवर होतं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीच्या. दोन्ही प्लगचं अर्थिंग वेगळं, त्यामुळे मधल्या वायरीतून घरगुती विजेचे पन्नास हेलकावे दर सेकंदाला फिरत होते. दोन्ही एका प्लगवर आणले, लाटा गेल्या. मॅडम म्हणाल्या, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

जुलैमध्ये नवीन विद्यार्थी आले की आमच्याकडचे फ्यूज संपायचे. करंट मोजायचा मीटर वायर तोडून मध्ये, रांगेत उभा करावा लागतो. मुलं तो सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावायची आणि मीटरमधला फ्यूज उडायचा. पीएचडीला आलेली ही मुलं, जीवशास्त्रात माझ्या कितीतरी पुढे, पण ओहमचा नियम बारावीत पाठ करून विसरलेली. म्हणून मी दर बुधवारी एक तास शिकवायला लागले. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा, साध्या सर्किटची गणितं. फळ्यावर करायचं, मग टेबलावर तेच सर्किट जोडून मोजायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघायचं. आकडे जुळले की मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

या वर्गातला तिसरा बुधवार माझा आवडता. त्या दिवशी मी मोजणाऱ्या मीटरबद्दल सांगायची. मीटर काही नुसता लांबून बघत नाही. मोजण्यासाठी तो समोरच्या सर्किटमधून थोडा करंट घेतोच. वाटीभर गरम आमटीत मोठा थंड डाव बुडवून ठेवला तर आमटी स्वल्प गार होते. डावाला चटका किती बसला त्यावरून आमटीचा अंदाज केला तर तो चुकणार. आमटीचं पातेलं मोठं असेल तर डावानं काही बिघडत नाही. वाटी असेल तर बिघडतं. सर्किटमध्येही तेच. समोरच्याचा स्वतःचा रेझिस्टन्स कमी असेल तर कुठलाही मीटर चालतो, जास्त असेल तर मीटरचा रेझिस्टन्स त्याहून कितीतरी मोठा हवा. हे मी दर वर्षी शिकवायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते हे शिकवणारीच्या हातून झालं.

भारती संस्थेत आली ती सीमेवरच्या चिकोडी तालुक्यातून. डॉक्टर नागराज यांच्याकडे तिची पीएचडी होती. मी फोनवर बहिणीशी बोलत होते ते ऐकून ती दारात थांबली आणि अक्का, तुम्ही मराठी? म्हणून तिनं विचारलं. तिच्याकडच्या मुली ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. मला ते ऐकायला मजा वाटायची, तिला माझं मराठी ऐकून हसू यायचं. दोघींनाही पुण्याचं कोणी भेटलं की थोडं सांभाळून बोलावं लागायचं.

तिचा विषय भोपळ्याचा वेल. झाडाच्या अंगातही बारीक व्होल्टेज असतं, वरच्या पानापासून मुळाशी असलेल्या मातीपर्यंत मोजलं तर काही मिलिव्होल्ट येतात. मिलिव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग. हे व्होल्टेज दिवसभरात कसं बदलतं ते तिला बघायचं होतं. तिच्या घरी भाजीपाला करतात. वेलाला पाणी कधी हवं ते वेलाकडूनच कळलं तर बरं, हा तिचा मूळ विचार. मी तिला माझ्याकडचा एक बॉक्स दिला. पत्र्याची छोटी पेटी, आत बारीक व्होल्टेज मोठं करणारा एक अ‍ॅम्प्लिफायर. एका बाजूनं दोन वायरी वेलाकडे जायच्या, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटरला. असे बॉक्स मी बऱ्याच जणांना करून दिले होते आणि त्यांच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

तीन वर्षं ती रोज सकाळी आठला आणि दुपारी तीनला जाळीच्या शेडमध्ये जाऊन वेलांचं व्होल्टेज घ्यायची. पानावर चांदीची बारीक तार, तिच्याखाली ओला कापूस, दर वेळी नवा. शिस्तीची मुलगी. आणि तिला फार सुंदर गोष्ट सापडली. सकाळी वेल पन्नास मिलिव्होल्टच्या आसपास असायचा आणि दुपारी निम्म्याखाली यायचा. भरपूर पाणी दिलेला, पानं ताठ असलेला वेलसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पन्नास. वेल दुपारी थकतो, असं ती गमतीनं म्हणायची. डॉक्टर नागराजांनी त्यावर शोधनिबंध लिहून पाठवला होता आणि तो छापायला घेणार असल्याचं पत्र आलं होतं. भारतीनं ते पत्र मला आणून दाखवलं. माझ्याच बॉक्सनं मोजलेलं म्हणून मलाही अभिमान वाटला. तिनं घरी कळवलं होतं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ती पुन्हा आली. बॉक्सची एक वायर सैल झाली असावी, रीडिंग मध्येच उडतंय म्हणाली. मी हातात मीटर घेऊन तिच्याबरोबर शेडमध्ये गेले. दुपारचे तीन वाजले होते. वायर खरंच सैल होती, मी ती घट्ट केली. कॉम्प्युटरवर चोवीस मिलिव्होल्ट दिसत होते, स्थिर. काम झालं होतं. पण मला सवय आहे, बॉक्स जे दाखवतो ते दुसऱ्या मीटरनं एकदा बघून घ्यायचं. म्हणून मी हातातल्या मीटरच्या दोन सुया बॉक्सच्या त्याच दोन टोकांना लावल्या.

कॉम्प्युटरवरचं रीडिंग पंधरावर आलं.

सुया काढल्या, पुन्हा चोवीस. लावल्या, पंधरा. भारतीला वाटलं मी वायर पुन्हा सैल केली. पण ते रीडिंग खाली का येतं हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी दर वर्षी तिसऱ्या बुधवारी मुलांना टेबलावर हेच करून दाखवायची.

माझ्या त्या बॉक्समध्ये, वेलाकडून येणाऱ्या टोकावर, मी दहा मेगाओहमचा एक रेझिस्टर बसवलेला होता. मेगाओहम म्हणजे दहा लाख ओहम, तेव्हा दहा मेगाओहम हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. तो बसवण्याला कारण होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपमधून अगदी किंचित करंट झिरपतो, त्याला जमिनीकडे जायला वाट दिली नाही तर रीडिंग भरकटत एका टोकाला जाऊन बसतं. पहिला बॉक्स केला तेव्हा तो भरकटला, म्हणून मी रेझिस्टर घातला. दहाचा घातला, कारण आमच्या खणात त्याहून मोठा नव्हता. मागवता आला असता. रीडिंग स्थिर झालं, मी खूश झाले, पेटीला झाकण लावलं. पुढचे सगळे बॉक्स त्यावरूनच केले.

शेडमधल्या पाटावर बसून मी भारतीच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. बॉक्सचे दहा मेगाओहम. त्यात माझ्या मीटरचे दहा समांतर जोडले की दोघांचे मिळून पाच. एकटा बॉक्स असताना चोवीस येतात, दोघं असताना पंधरा. वेलाचा स्वतःचा रेझिस्टन्स किती आणि त्याचं खरं व्होल्टेज किती, ह्या दोन गोष्टी माहीत नाहीत, आणि हातात रीडिंग दोन आहेत. शाळेतलं गणित. उत्तर आलं, वेलाचा रेझिस्टन्स पंधरा मेगाओहम, व्होल्टेज साठ मिलिव्होल्ट. व्होल्टेज रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटलं जातं. पंधरा भाग वेलातच खर्च होत होते आणि उरलेले दहा भाग बॉक्सला मिळत होते. साठाचे पंचवीस भाग केले आणि त्यातले दहा घेतले की चोवीस. बॉक्स खोटं बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत पोचत होतं तेवढं तो सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघी पुन्हा गेलो. बॉक्सवर पन्नास. माझ्या सुया लावल्यावर त्रेचाळीस. भारतीनं ह्या वेळी गणित स्वतः केलं. वेलाचा रेझिस्टन्स दोन मेगाओहमला अगदी थोडा कमी. खरं व्होल्टेज जवळजवळ साठ.

सकाळीही साठ, दुपारीही साठ. दिवसभरात बदलत होता तो पानाच्या कातडीचा रेझिस्टन्स. वेल थकत नव्हता.

भारतीनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “अक्का, म्हणजे तीन वर्षं मी कापूस बदलत होतो आणि मोजत होतो ते काय?”

मी सांगितलं की चूक माझ्या बॉक्समध्ये आहे, तिच्या मोजण्यात नाही. तिनं नकारार्थी मान हलवली. तिनं हा भाग माझ्याच वर्गात ऐकला होता, तेव्हा तिलाही सुचायला हवं होतं, असं ती म्हणाली. मग ती उठली आणि झारी घेऊन एकेका वेलाला पाणी घालायला लागली. पंचवीसेक कुंड्या होत्या. सगळ्यांना घातलं. फेलोशिप संपायला तिच्याकडे आठ महिने होते आणि निबंध छपाईच्या वाटेवर होता.

डॉक्टर नागराजांकडे मी एकटीच गेले. चूक कोणाची हे आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. ते मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ आहेत आणि मी तयारीनंच गेले होते, पण त्यांनी आवाज चढवला नाही. कागद पुढे ओढून त्यांनी गणित दोनदा वाचलं. दहा दिवस रोज सकाळ-दुपार दोन्ही तऱ्हेनं, नुसत्या बॉक्सनं आणि मीटर लावून, मोजा म्हणाले. मी त्या दहा दिवसांत नवीन बॉक्स केला. एक गिगाओहमचा, म्हणजे हजार मेगाओहमचा रेझिस्टर मागवला. काचेच्या बारीक नळीत असतो तो. नुसत्या बोटानं धरला तर बोटाच्या तेलकट डागावरून करंट झिरपतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. चिमट्यानं धरून बसवला. नव्या बॉक्सवर सकाळी साठ आले, दुपारी एकोणसाठ. उरलेले सगळे दिवस तेच.

अकराव्या दिवशी डॉक्टर नागराजांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. मला बोलावून एकच प्रश्न विचारला, असे बॉक्स आणखी कोणाकोणाकडे आहेत?

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होते. रूमच्या रजिस्टरमध्ये बघितलं. सात बॉक्स केले होते. मग मी एक यादी केली आणि प्रत्येक बॉक्सपुढे लिहिलं, ह्यानं काय मोजलं आणि त्या वस्तूचा रेझिस्टन्स किती असेल. दोन मोडीत गेले होते, पण वापरले होते तापमानाच्या वायरींवर, जिथे रेझिस्टन्स चार-पाच ओहमांचा असतो. तिथे दहा मेगाओहमनं काहीही बिघडत नाही. एक आमच्या जुन्या विद्यार्थ्यानं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या कंपनीत नेला होता. त्याला फोन केला तर तो बॅटऱ्या तपासायला वापरत होता. तिथेही चूक नसल्यातच जमा. तो हसला आणि म्हणाला, अक्का, एवढ्यासाठी फोन केलात? एक कधी वापरलाच गेला नव्हता. आणखी एकाची चूक गणितात शेकड्याला एकापेक्षा कमी आली, त्या मॅडमना मी ते लिहून दिलं. सहावा भारतीचा. जे एका ठिकाणी दहा-वीस वर्षं अगदी बरोबर चालतं तेच दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षांचं काम खोटं ठरवतं, हे मी शिकवत होते, पण यादी करताना पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

उरला पहिला. तो मी डॉक्टर शेषाद्री यांच्यासाठी केला होता, वीसेक वर्षांपूर्वी. मी तेव्हा नवीन नव्हते, पण स्वतः आखलेला तो माझा पहिलाच बॉक्स. त्यांचं काम येलक्की केळ्यांवर होतं. इथली ती बोटाएवढी गोड केळी. केळं पिकताना सालीतलं व्होल्टेज कसं बदलतं, यावर त्यांचा निबंध छापून आला होता, लोक अजून त्याचा हवाला देतात असं ऐकलं होतं. केळ्याची साल. कच्च्या सालीचा रेझिस्टन्स किती असेल ह्याचा मी अंदाज केला, तो फार मोठा निघाला, आणि मी यादीवर त्यांच्या नावापुढे काही लिहिलं नाही.

ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सर्जापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचे. इथल्या शिवाजीनगरला बस बदलून मी गेले, दीड तास लागला. वाटेत वाक्यं जुळवत होते. एवढ्या वयाच्या माणसाला त्याचं गाजलेलं काम चुकलं असेल म्हणून सांगायचं, आणि ते माझ्यामुळे. फोनवर सांगता आलं असतं, पण ते योग्य वाटलं नाही.

त्यांनी ओळखलं, आनंदानं आत घेतलं, सुनेनं कॉफी आणून दिली. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं, इथे मराठीत लिहिते. मी भारतीच्या वेलापासून सगळं सांगितलं, मग दहा मेगाओहमवर आले आणि शेवटी केळ्यांवर. ते शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर उठून आत गेले आणि निबंधाची छापील प्रत घेऊन आले. चौथं पान उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं की अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुट रेझिस्टन्समुळे येणारी घट प्रत्येक रीडिंगमध्ये गणितानं दुरुस्त केली आहे.

माझ्या दहा मेगाओहमबद्दल त्यांना तेव्हाच कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात. त्यांनी मी केलं तेच केलं होतं, बॉक्सला समांतर दुसरा रेझिस्टर लावून दोन रीडिंग घेतली होती आणि प्रत्येक केळ्याचं खरं व्होल्टेज काढलं होतं. त्यांचं काम बरोबर होतं.

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तो निबंध मी कधी वाचला नव्हता. यंत्र करून दिलं की आमचं काम संपायचं, पुढे काय छापून आलं ते कोणी खाली आणून दाखवत नव्हतं आणि मीही कधी मागितलं नाही. मग कॉफीचा पेला हातात असताना दुसरी गोष्ट लक्षात आली. मी विचारलं, “सर, तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

ते म्हणाले, “तू तो बॉक्स घेऊन आलीस तेव्हा इतकी खूश होतीस. तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं,” मी म्हटलं. “आणि दुसऱ्या दिवशी मी रेझिस्टर बदलला असता.”

एवढं मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. मला त्यांचा राग आला होता, आणि राग येतोय ह्याची लाजही वाटत होती, कारण त्यांनी जे केलं ते माझ्याशी चांगलं वागायचं म्हणूनच केलं होतं. त्यांची दुरुस्ती त्यांच्या कागदावर राहिली. माझा बॉक्स तसाच राहिला, आणि त्याच्यावरून मी आणखी सहा केले. आणि मीही झाकण लावण्याआधी एक साधं रीडिंग घेतलं असतं तर त्यांनी सांगण्याची गरजच नव्हती. दोन्ही खरं होतं.

निबंधाची प्रत मिटून त्यांनी त्या मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिला भेटता येईल का, असं त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात ते मुलाच्या गाडीतून संस्थेत आले. काठी टेकत शेडमध्ये गेले आणि भारतीनं दिलेल्या स्टुलावर बसले. वीस वर्षांपूर्वी आपण एक वाक्य बोलायला हवं होतं, असं त्यांनी तिला इंग्रजीत सांगितलं आणि माफी मागितली. भारतीला काय करावं कळेना. तिनं सरी सर, सरी सर, असं दोनदा म्हटलं. मग जरा धीर करून तिनं वेगळंच विचारलं. त्यांनी दुरुस्तीसाठी प्रत्येक केळ्याच्या सालीचा रेझिस्टन्स काढला असणार, त्या वह्या आहेत का? तिला आता तेच हवं होतं. निबंध मागे घेतल्यापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता. पानाचा रेझिस्टन्स दुपारी सात-आठपट का होतो, पाणी भरपूर असतानाही? पानाची छिद्रं मिटतात म्हणून, की वरचा मेणाचा थर सुकतो म्हणून, की आणखी काही?

डॉक्टर शेषाद्रींनी सांगितलं, वह्या होत्या, घर बदललं तेव्हा रद्दीत घातल्या. रेझिस्टन्सचे आकडे त्यांना फक्त दुरुस्तीपुरते हवे होते, पुढे त्यांचा काही उपयोग असेल असं वाटलं नाही. भारती हसली. शेडमधल्या त्या दुपारनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मग दोघं तासभर पानांच्या छिद्रांबद्दल बोलत बसले आणि मी माझ्या कामाला परत गेले.

तिला दीड वर्ष जास्त लागलं. फेलोशिप संपल्यावर एका कॉलेजात शिकवून तिनं ते काढलं. दुपारी रेझिस्टन्स का वाढतो ह्याचं पूर्ण उत्तर तिला मिळालं नाही. छिद्रं हा त्यातला एक भाग निघाला, बाकीचं अजून शोधते आहे. प्रबंध मात्र झाला. त्यातलं एक प्रकरण ह्या चुकीवर आहे. सकाळ-दुपारचा जुना ग्राफ, त्याच्याशेजारी नवा, आणि मध्ये सर्किटचं चित्र आणि गणित. माझ्या निवृत्तीला तेव्हा महिना राहिला होता. ती ते प्रकरण मला वाचायला घेऊन आली, कारण त्यात लिहिलं होतं की हा बॉक्स संस्थेच्या सरोजा बाई यांनी बनवला असून त्याचा इनपुट रेझिस्टन्स दहा मेगाओहम आहे. इतक्या वर्षांत कुठल्याही छापील कागदावर माझं नाव आलं नव्हतं.

“अक्का, नाव काढू का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाव राहू दे. दहा काढ. रेझिस्टरवर छापलेला आकडा आहे तो, मोजलेला नाही.

मी तिचा जुना बॉक्स उघडला, तो रेझिस्टर सोल्डर काढून बाहेर घेतला आणि पहिल्यांदा मोजला. नऊ पूर्णांक आठ भरला. भारतीनं तसं लिहिलं आणि सगळी गणितं पुन्हा केली.